चंबूतलं तेल

सुनेने आज करडईचं तेल कढवलं आणि त्या उग्र वासाबरोबर पुनावळ्याच्या या सातव्या मजल्यावर माझी मेलेली जाऊ येऊन उभी राहिली.

स्वातंत्र्यानंतरची ती पहिली वर्षं. इथंच आमचं कौलारू घर होतं. घर एक, चुली दोन. थोरल्या जावेकडून मी पितळी चंबूभर तेल उसनं आणलं होतं. उसनं काठोकाठ फेडायचं, अशी रीत. म्हणून घाण्यावरचं ताजं तेल कढवलं आणि गरम असतानाच तिचा चंबू भरून दिला.

संध्याकाळी ती चंबू घेऊन अंगणात आली. अरुंद गळ्यात तेल बोटभर खाली गेलं होतं.

"माझ्या फळीवरचं तेल चोरलंस व्हय गं, रांडे?"

सासूबाई, शेजारणी, सगळ्या बघत होत्या. मी चंबू तिच्या हातातून हिसकावला आणि तिच्यादेखत निखाऱ्यांवर ठेवला. तेल तापलं तसं फुगत, विरळ होत गळ्यातून वर चढलं आणि पुन्हा काठाला टेकलं. मी वरून थेंबही घातला नव्हता. निवताना तेल आकसलं होतं, एवढंच.

मला वाटलं, आता तरी ही खजील होईल. ती मागे सरली आणि सासूबाईंकडे वळून किंचाळली, "आत्याबाई, बघितलं? नुस्ती चोर न्हाई, चेटकीण हाय ही!"

तेव्हा मी खूप रडले. आज वाटतं, चेटकीणच बरी. चोराला ती कधी भ्यायली नसती.