तिसऱ्या नकारापर्यंत

आई गेल्यापासून आबा, म्हणजे माझे वडील, वाळत चालले होते. सदरा खांद्यावरून ओघळायला लागला तेव्हा मी त्यांना माजलगावच्या डॉक्टरांकडं नेलं. रक्त, लघवी, सोनोग्राफी, सगळं झालं आणि सगळं ठणठणीत निघालं. "खाण्यापिण्याकडं लक्ष द्या," एवढंच डॉक्टर म्हणाले. मला रागच आला. लक्ष काय द्यायचं? वेळच्या वेळी ताट समोर असतं, आबाच एक भाकरी खाऊन उठतात.

बाहेर पडलो तेव्हा दुपार टळायला आली होती. कंपाउंडरनं मागच्या गल्लीतली एक खाणावळ सुचवली. नवरा साखर कारखान्यात केमिस्ट आणि बायको घराच्या पुढच्या खोलीत आंध्राकडचं जेवण वाढते, म्हणाला. तिथं पोचेपर्यंत मी मनातल्या मनात मसाला डोसा मागवूनही टाकला होता.

"डोसा सकाळी," बाईंनी जाहीर केलं. "आता जेवण. बसा."

त्यांचं मराठी दोन-चार शब्दांचं, पण आवाज असा की आम्ही मुकाट बसलो.

केळीची पानं आली. वाफाळता भात, त्यावर डाळीची लालभडक पूड आणि तुपाची सढळ धार. आधी हे कालवा, अशी बाईंनी खूण केली. आबांनी जरा संशयानंच घास घेतला, मग दुसरा मुकाट्यानं. घट्ट वरण आलं, चिंचेचं सार आलं आणि एक हिरवी आंबट चटणी आली. ती चाखून आबांचे डोळे मोठे झाले.

"अरं, ही तर अंबाडी हाय!"

"गोंगुरा," बाई म्हणाल्या.

"तुमी काय बी म्हना, अंबाडीच हाय."

कित्येक महिन्यांनी आबा कुणाशी तरी हुज्जत घालत होते. मला फार बरं वाटलं.

पानावरचा भात संपला. बाई पातेलं घेऊन आल्या. "भात?"

"नको, नको," आबा म्हणाले.

बाई सरळ पुढच्या टेबलाकडं निघून गेल्या.

आबा त्या पातेल्याकडं बघत राहिले. पानावर चटणी उरलेली, वरण उरलेलं आणि हात पानाच्या कडेला थांबलेला. मला हसू फुटलं. बाईंना परत बोलावून मी हिंदीत समजावलं, की आमच्याकडं पहिलं 'नको' मनावर घ्यायचं नसतं. दुसरंही नाही. तिसऱ्यांदा माणूस पानावर आडवा पडला, की मग थांबायचं.

बाई पदराला हात पुसत खूप हसल्या आणि मग त्यांनी काही ऐकलंच नाही. आबा "बास, बास" करत होते, पण हात पानापासून चांगला वीतभर लांब ठेवून. त्यांनी तीनदा भात घेतला.

मी शाळामास्तर. घरात शिस्त माझी. आईचा आग्रह मला कधीच पटला नव्हता. ती भाकरी घेऊन आबांच्या मागं लागायची तेव्हा मी चेष्टा करायचो. ती गेल्यावर मीच बायकोला बजावलं होतं, "आबा नको म्हणाले की विषय संपला. या वयात पोटाला त्रास नको आणि अन्नही वाया जायला नको." ती बिचारी दुसऱ्यांदा विचारायला तोंड उघडायची, तर मी डोळे वटारायचो. विषय रोज दोन वेळा संपत होता.

परक्या बाईला जे मी एका दमात समजावलं, ते मला माझ्याच घरात कळलं नव्हतं. माझं हसू जिरलं. लाज वाटली, चक्क लाज.

"आबा," मी हळूच विचारलं, "घरी बी भूक ऱ्हायची का?"

"ऱ्हायची की," बोटं चाटत ते म्हणाले.

"मग कावून न्हाई मागितली भाकर?"

"आपल्याच घरात मागून खायाचं व्हय?"

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, तेच जास्त लागलं. तेवढ्यात बाई दही-भात घेऊन आल्या आणि आबा सवयीनं नको म्हणाले. मी उठलो, बाईंच्या हातातलं भांडं घेतलं आणि आबांच्या पानावर वाढलं. इतक्या वर्षांत मी त्यांना माझ्या हातानं पहिल्यांदाच वाढत होतो.