व्याह्यांची पहार

माणसांआधी झाडांची खुशाली विचारणारा व्याही अख्ख्या करवीर इलाख्यात मला एकट्यालाच मिळाला. लेकीचं स्थळ ठरवताना पत्रिका पाहिली, जमीन पाहिली, मुलगा तर दोनदा पाहिला. व्याह्यांचं डोकं तेवढं पाहायचं राहिलं. कुरुंदवाडहून त्यांची बैलगाडी शाहूपुरीत आमच्या दारी येऊन थांबली की दम्यानं छातीचा भाता चालू असायचा, तरी पाणीसुद्धा न घेता आधी झाडांपाशी. एकदा तुळशीच्या कुंडीत पाणी तुंबलेलं दिसलं, तर "आक्का, बुडवून मारतायसा की हिला!" म्हणून माझ्या बहिणीवर असे खेकसले की ती बिचारी आठवडाभर तुळशीला पाणी घालायला भ्यायली.

अंगणातला आंबा माझ्या बायकोच्या हातचा. ती प्लेगात गेली, आंबा तेवढा मागं राहिला. लेकीच्या लग्नात अंगण शोभावं म्हणून मी खोडापर्यंत फरशी बसवली, सांधे चुन्यानं पक्के केले. वर्षभरात आंबा पिवळा पडला. मी आपला बुंध्याशी घागरीवर घागरी ओततोय! व्याही आले, खोडावर हात ठेवून म्हणाले, "पावणं, तहान न्हाय त्याला, दम कोंडलाय. मुळास्नी वारं कुठनं मिळायचं?"

मी शाळा शिकलेला माणूस. म्हटलं, "अहो, आपण सोडलेली हवा झाडं घेतात. त्यांचं सगळं उलटंच. आणि श्वास घ्यायला वर पानं आहेत की."

"ते उनातलं, पानं अन्न करत्यात तवाचं. श्वास आपल्यावानीच, रातंदिस. पर आपलं एक नाक साऱ्या अंगाला पुरतं. झाडाचं पान पानापुरतं घेतंय, मूळ मुळापुरतं. न्हायतर पुरात आमचा जोंधळा का मरतो? शेंडा तर वर असतोय!"

त्यांनी गाडीतली आपली पहार उचलली. दोन फरश्या उखडायच्या, बसून धापा टाकायच्या, पुन्हा उठायचं. शेवटी मला लाज वाटली आणि मीही हात लावला. चैत्रात आंब्याला तांबूस पालवी फुटली, तेव्हा मी अंगणात उभा राहून रडलो.

दोन वर्षांनी ते औषधासाठी आमच्याकडेच येऊन राहिले. आडवं होता येईना, म्हणून दिवसभर आंब्याखाली बसून असत. एकदा पाठ चोळता चोळता मी म्हणालो, "माझा श्वास देता आला असता तर दिला असता हो."

ते हसले. "झाडाची एक मुळी गुदमरली तर दुसरी तगती. आमचं नाक एकच, पावणं." मग बराच वेळ धाप लागली. "पहार हितंच ऱ्हाऊ द्या."

ते गेले, पहार आहे. दर उन्हाळ्यात मी तिनं बुंध्याभोवतीची माती मोकळी करतो. आणि लेक माहेरी आली की पाणीसुद्धा न घेता आधी आंब्यापाशी जाते, खोडावर हात ठेवून उभी राहते. माझी खुशाली ती नंतर विचारते.