जळका वास

गेमवाल्या मावशींचं नाक दूरदूरवर माहीत होतं. जुन्या व्हिडिओ गेमच्या मशीनमधलं सर्किट बोर्ड कुणी दुरुस्तीला आणलं, की त्या आधी ते दोन्ही हातांनी उचलून नाकापाशी नेत आणि डोळे मिटून या कडेपासून त्या कडेपर्यंत हुंगत. मग सांगत, "वरच्या कोपऱ्यातला कपॅसिटर गळलाय. शिळ्या मासळीसारखा वास येतोय." मीटर लावायच्या आधीच अर्धा आजार सापडलेला असे.

ही विद्या त्यांना कुणी शिकवली नव्हती. यजमानांचा गेम पार्लर होता, बावीस मशीनांचा. यजमान बोलण्यात पटाईत, पण बल्ब बदलायचा म्हटलं तरी शेजाऱ्याला हाक मारणारे. मशीन बंद पडलं की मेकॅनिक आज येतो, उद्या येतो करत आठवडा घालवायचा. शेवटी मावशींनी स्वतःच एका मशीनची मागची फळी काढली. पहिल्या दिवशी शॉक खाल्ला, दुसऱ्या दिवशी मीटर विकत आणला. पुढे गेम लोकांच्या खिशात जाऊन बसले, पार्लर बंद पडला, आणि त्यानंतर काही वर्षांनी यजमानही गेले. मावशींचं टेबल मात्र चालू राहिलं. लहानपणी जे गेम खेळले तेच पुन्हा हवेत म्हणणारी चाळिशी-पन्नाशीची माणसं कुठून कुठून बोर्डं पाठवायची.

घरात दोघीच. मागच्या खोलीत मावशी आणि त्यांची बोर्डं, पुढच्या खोलीत नणंद, म्हणजे वन्सं. वन्संनी टेलिफोन ऑफिसात तीस वर्षं लोकांची बोलणी जोडून दिली होती. लग्न केलं नाही. "आयुष्यभर दुसऱ्यांचीच लाइन जोडत बसले, माझी एंगेज राहिली," असं त्याच सांगायच्या.

एका सकाळी मावशी स्वयंपाकघरात शेगडीकडे पाठ करून स्क्रू निवडत बसल्या होत्या. वन्सं पुढच्या खोलीतून धावत आल्या आणि त्यांनी गॅस बंद केला. दूध उतू जाऊन, आटून, पातेलं कोळशासारखं झालं होतं. खोलीभर धूर.

"वहिनी, बसल्या बसल्या डोळा लागला का तुझा?"

"सर्दी झालीये, वन्सं."

सर्दी नव्हती. वन्सं बाजारात गेल्यावर मावशींनी घरातल्या बाटल्या एकेक करून उघडल्या. फिनेल, खोबरेल, कपड्यांची पावडर. बोर्ड पुसायचं स्पिरिट नाकात झोंबलं, पण त्याला वास नव्हता. बर्फ हुंगावा तसं.

होईल आपोआप बरं, म्हणून त्यांनी एक महिना काढला. मग दुसरा. नाक जाणं म्हणजे अब्रू जाणं, असं आपण म्हणतो. मावशींच्या धंद्यात दोन्हींत फरकच नव्हता. नाक गेल्याचं कळलं तर बोर्ड कोण देणार? त्या गप्प बसल्या आणि दुप्पट काळजीनं काम करू लागल्या. जिथे एकदा मीटर लावायचा तिथे तीनदा लावला. तरी बोर्डाला वीज दिली की हात स्विचवरून काढायच्या नाहीत. समोर कुत्रं पडलेलं असावं, आणि ते झोपलंय की दबा धरून बसलंय हे कळू नये, तसं त्या बोर्डाकडे बघत राहायच्या.

त्याच दिवसांत दातांचे डॉक्टर आले. त्यांनी हौसेनं अकरा जुनी मशीनं जमवली होती. बाजारातल्या एका इमारतीच्या तळघरात ते हॉल उघडणार होते. अकराही बोर्डं मावशींनी दोन महिन्यांत दुरुस्त करून दिली. दहा चालली. अवकाशयानांच्या गेमचं एक मात्र परत आलं. चाळीस मिनिटं नीट चालायचं, मग चित्राचे तुकडे व्हायचे आणि गेम पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा.

मावशींनी ते आपल्या टेबलावर तीन तास चालवलं. काही झालं नाही. तरी भिंगाखाली शोधून एका चिपच्या दोन पायांचं सोल्डर तडकलेलं सापडलं, ते त्यांनी नव्यानं केलं. पाच दिवसांत बोर्ड परत. या वेळी एक मेमरी चिप बोटाला जरा जास्त गरम लागली, ती बदलली. टेबलावर पुन्हा तीन तास, पुन्हा सगळं सुरळीत.

तिसऱ्यांदा डॉक्टर स्वतः घेऊन आले. रविवारची दुपार होती, आणि त्याच दिवशी चार वाजता हॉलचं उद्घाटन होतं.

"मावशी, राग मानू नका. जमलं तर तीनपर्यंत द्या, नाहीतर त्याच्यावर चादर टाकून ठेवतो," ते म्हणाले. जाता जाता दारातून सांगितलं, "त्याच्या शेजारचं मशीनसुद्धा असंच अडखळत होतं. पण आमच्या कंपाउंडरनं आतला एक स्क्रू पिळला, तेव्हापासून झकास चालतंय."

मावशींचं लक्ष बोर्डात होतं. त्यांनी मान हलवली.

थोड्या वेळानं वन्सं चहा घेऊन आल्या आणि उंबऱ्यातच थबकल्या.

"काय जाळलंस, वहिनी?"

"काही नाही. अजून वीजही दिली नाहीये."

"मग हे काय मढं आणून ठेवलंय टेबलावर? प्लास्टिक जळल्याचा वास मारतोय इथपर्यंत."

मावशींनी बोर्ड उचललं आणि सवयीनं नाकापाशी नेलं. काही नाही. त्यांनी पुन्हा श्वास ओढला. वन्सं त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या.

"तुला येत नाहीये," वन्सं म्हणाल्या.

"नाही."

"कधीपासून?"

"ते दूध करपलं, त्याच्या आधीपासून."

"चार महिने झाले त्याला." वन्संनी कप खाली ठेवला. "चार महिने मी तुझ्या भरवशावर पुढच्या खोलीत झोपतेय, आणि तू इकडे आगीशी खेळतेयस."

मावशींनी बोर्ड पुढे केलं. "नेमका कुठून येतोय, तेवढं बघा."

वन्संनी चष्मा कपाळावर ढकलला आणि नाक बोर्डावरून हळूहळू फिरवलं. "इथून. या सोनेरी दातांपासून. शेवटच्या दोन."

बोर्डाच्या कडेला हे दात असतात. ते मशीनमधल्या एका पट्टीत घट्ट बसतात आणि वीज तिथून आत येते. शेवटचे दोन दात तपकिरी पडले होते. मावशींनी ते दोनदा स्पिरिटनं पुसले होते, जुना डाग समजून. आता त्यांना सगळं सरळ दिसलं. रोग बोर्डात नव्हताच. मशीनमधली पट्टी सैल झाली होती, त्यामुळे जोड तापत होता, बोर्डाला वीज पुरत नव्हती, म्हणून ते अडखळत होतं. टेबलावरची त्यांची स्वतःची पट्टी चांगली होती, तिथे ते कसं बिघडणार? आणि शेजारच्या मशीनचं दुखणंही तेच, फक्त कंपाउंडरनं स्क्रू पिळून विजेचा जोर वाढवून दिला होता. जळत्या जोडातून आणखी वीज. तीस वर्षांच्या प्लायवूडच्या पेटीत, धुळीच्या गादीवर.

नाक शाबूत असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं.

त्यांनी डॉक्टरांना फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. सव्वातीन झाले होते. "चपला घाला, वन्सं," मावशी म्हणाल्या.

तळघरात उतरायला एकच जिना होता, अरुंद, आणि कठड्याला फुगे बांधलेले. लोक वेळेआधीच आले होते. कडेवर मुलं घेतलेले बाप, शाळेतली पोरं, काठी टेकत आलेले एक आजोबा. मशीनं भिंतीला पाठ लावून, एकमेकांना खेटून उभी होती. मधलं एक काळंठिक्कर. त्याच्या शेजारचं धडाधड चालू होतं आणि त्याच्यापुढे सगळ्यात मोठी रांग होती.

"अरे वा, झालं का?" डॉक्टर हसत पुढे आले.

"डॉक्टर, सगळी मशीनं बंद करा."

"आत्ता? चाराला—"

वन्सं थांबल्या नाहीत. त्या रांगेतून वाट काढत एकेका मशीनपाशी नाक नेत गेल्या. पोरं फिदीफिदी हसली. त्या चालू मशीनपाशी वन्सं उभ्या राहिल्या आणि मागे वळल्या. "वहिनी, इथे."

मावशींनी मशीनच्या अंगावर पंजा ठेवला. तापानं फणफणलेल्या माणसाच्या कपाळासारखी फळी लागली.

"मशीन थोडं गरम होतंच ना, मावशी," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. "लोकांसमोर उगाच घाबरवू नका."

मावशी वाद घालत बसल्या नाहीत. जिन्याखाली मेन स्विच होता. त्यांनी तो खाली ओढला.

हॉल अंधारात बुडाला. सगळे आवाज एकदम थांबले आणि कुठलं तरी तान्हं रडू लागलं. जिन्यावरून येणाऱ्या उजेडात डॉक्टरांनी आणि कंपाउंडरनं मशीन पुढे ओढलं. मावशींनी मागची फळी काढली. पट्टी वितळून वाकली होती, तारांवरचं आवरण फोड आल्यासारखं फुगलं होतं, आणि तारा जिथे लाकडाला टेकल्या होत्या तिथे तळहाताएवढा काळा डाग होता. मावशींनी वाकून त्यावर फुंकर घातली. डागाच्या कडेनं एक बारीक लाल रेघ उजळली आणि सरकली.

डॉक्टरांनी ती बघितली. पाण्याची बाटली मावशींच्या हातात देताना त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मग ते वळले आणि एकेकाला जिन्याकडे पाठवू लागले. "आज नाही. सावकाश जा. धक्काबुक्की नको."

सगळे गेल्यावर ते एका स्टुलावर बसले. कंपाउंडर कोपऱ्यात अंग चोरून उभा होता.

"त्याला बोलू नका," मावशी म्हणाल्या. "चूक माझी. मला चार महिने वास येत नाहीये. मी तुम्हाला सांगायला हवं होतं आणि सांगितलं नाही."

डॉक्टर उठले आणि दुसरं स्टूल त्यांनी मावशींपुढे सरकवलं. रागावले असते तर मावशींना बरं वाटलं असतं.

"कुणाला दाखवलंत?" त्यांनी विचारलं.

"नाही."

त्यांनी खिशातून पेन काढलं आणि फुग्यांच्या पाकिटावर एका डॉक्टरांचा नंबर लिहून दिला. कानानाकाचे नव्हते ते. मेंदूचे होते.

त्या डॉक्टरांनी मावशींना खोलीत चालायला लावलं. मग कोरा कागद देऊन एकच वाक्य दहा वेळा लिहायला सांगितलं. पहिली ओळ ठसठशीत आली. शेवटची ओळ मुंग्यांच्या रांगेएवढी झाली होती. मावशींना लिहिताना ते जाणवलंच नव्हतं.

"चालताना तुमचा उजवा हात हलत नाही," डॉक्टर म्हणाले. "वास जाणं हे कधी कधी कंपवाताचं फार आधीचं लक्षण असतं. आज खात्रीनं काही सांगत नाही. सहा महिन्यांनी या."

"काम हाताचं आहे माझं."

"माहीत आहे. कंप येईलच असं नाही." त्यांनी कागद फाईलमध्ये ठेवला. "आला, तर लगेच या."

वन्सं बाहेर बसल्या होत्या. रस्ता ओलांडताना त्यांनी मावशींचा उजवा हात धरला.

पुढच्या दोन महिन्यांत मावशींनी अकराही मशीनं उघडून तपासली. वन्सं बरोबर असायच्या, हुंगायला. आणखी चार पट्ट्या करपलेल्या निघाल्या. सगळ्या बदलल्या, तारा नव्या घातल्या, आणि मशीनं भिंतीपासून हातभर पुढे ओढून ठेवायला लावली. दुसरा जिना बांधता येणार नव्हता. हॉल उघडला. दातांच्या डॉक्टरांनी उद्घाटनाला बोलावलं, पण मावशी गेल्या नाहीत. वन्संना तिथे वसुलीला येणाऱ्या माणसासारखं दर आठवड्याला चक्कर मारायची सवय लागली. आपल्या इतर गिऱ्हाइकांनाही मावशींनी कळवलं की वास येत नाही, बोर्ड दुसऱ्या माणसाच्या नाकाखालून जाईल, चालत असेल तर पाठवा. काहींनी पाठवणं बंद केलं. बरेच जण पाठवत राहिले.

तपासणीनंतर पाचव्या महिन्यात एका दुपारी मावशी चिपचे पाय सोल्डर करत होत्या. काम नीट चाललं होतं. विसाव्याला म्हणून त्यांनी सोल्डरगन स्टँडवर ठेवली आणि उजवा हात टेबलावर सैल सोडला. अंगठा हलायला लागला. तर्जनीवर मागेपुढे, मागेपुढे, बारीक गोळी वळल्यासारखा. त्यांनी तो हलवला नव्हता. त्या बघत राहिल्या. डाव्या हातानं धरला तेव्हा थांबला, सोडला तेव्हा पुन्हा सुरू झाला.

पुढच्या खोलीत वन्सं पेपर वाचत होत्या. पान उलटल्याचा आवाज आला.

हात पदराखाली घेणं सोपं होतं. मावशींनी तो तसाच टेबलावर, दिव्याखाली राहू दिला.

"वन्सं, जरा इकडे या."

वन्सं चष्मा वर ढकलतच आल्या. "कुठलं बोर्ड हुंगायचंय?"

"बोर्ड नाही," मावशी म्हणाल्या. "हे बघा."