प्रार्थनेच्या जागेतल्या म्हशी

रत्नमाला आवळे यांना पंचगंगेकाठच्या त्या गल्लीत सगळे आक्काच म्हणत. शाळेतून निवृत्त झाल्यावर चर्चमधल्या मुलांना दर रविवारी बायबल शिकवायचं, एवढंच काम त्यांनी आपल्याकडं ठेवलं होतं. त्यांच्या लहानपणी गारगोटी गावाकडं वडील लोकांची गुरं राखायचे. त्यामुळंच की काय, शास्त्र वाचताना आक्कांची नजर माणसांइतकीच झाडा-जनावरांवर जायची. जिथं ती भेटतील तिथं हिरव्या पेन्सिलीची रेघ. "जलप्रलयानंतर देवानं करार केला तो एकट्या नोहाशी नव्हे, त्याच्या तारवातल्या प्रत्येक जिवाशी," असं त्या मुलांना बजावून सांगत.

एका साली महापूर आला. शेजारचा केरबा कमरेएवढ्या पाण्यातून तीन म्हशी ओढत चर्चचा चढ चढून पायरीवरच्या आक्कांकडं आला.

"आक्का, गोठा बुडाला की! कुठं नेऊ ह्यास्नी? ही म्हातारी म्हस तर उभीबी ऱ्हाईना."

चर्च उंचावर होतं, कोरडं होतं. पण तिथले पाळकसाहेब दारातच घुटमळले. "आक्का, ही प्रार्थनेची जागा. मंडळी काय म्हणेल?"

"साहेब, योना संदेष्ट्याच्या गोष्टीचा शेवट काय?"

"पापी निनवे शहर नाशातून वाचतं."

"आणि ते योनाला खुपतं. मग देव त्याला विचारतो, तिथं एवढी माणसं, एवढी गुरंढोरं, मला त्यांची कीव येऊ नये? बस्स, गुरांचं नाव घेऊनच पुस्तक संपतं. देवाला त्यांची आठवण राहिली, आणि आपण दार लावायचं?"

पाळकसाहेबांनी आत जाऊन पहिला बाक स्वतःच बाजूला ओढला.

चार दिवस म्हशी तिथंच राहिल्या. म्हातारी मात्र तिसऱ्या दिवशी बसली ती उठलीच नाही. पाण्यामुळं जनावरांच्या डॉक्टरांना येता येईना. आक्का तिचं डोकं मांडीवर घेऊन बसून राहिल्या. दुपारी तिनं जीव सोडला.

केरबानं डोळे पुसले. "साहेब, तुमच्यात जनावरासाठी प्रार्थना करत्यात का वो?"

पाळकसाहेबांनी हातातलं प्रार्थनांचं पुस्तक चाळलं. तसा विधी काही सापडेना. ते मिटून त्यांनी आक्कांशेजारी जमिनीवर बैठक मारली आणि म्हशीच्या कपाळावर हात ठेवला.

"प्रभू, ही तुझीच होती. कितीक वर्षं गल्लीतल्या लेकरांना हिनं दूध पाजलं. आता तूच सांभाळ."

पूर ओसरला. पुढच्या रविवारी एक गृहस्थ नाकाला रुमाल लावून आत आले. "साहेब, अजून शेणाचा वास येतोय."

"येतोय खरा," पाळकसाहेब म्हणाले. "बसा."

मागच्या बाकावर आक्कांना हसू आवरेना.