रागातली बाही

ओल्या लोकरीचा वास आला की फरीदाबादच्या गच्चीवरचं हिवाळ्यातलं ऊन आठवतं. यांनी मला न विचारता सरकारी नोकरी सोडून प्रायव्हेट कंपनी धरली, तेव्हा मी यांचाच स्वेटर विणत होते. एक बाही आधी झाली होती, दुसरी भांडणानंतर विणली. टाके घट्ट पडले आणि ती चार बोटं आखूड झाली. शेजारीण म्हणाली, "बहनजी, ये बाँह गुस्से में बुनी है क्या?" हे हसले, "मग पहिलीही उसव आणि रागातच विण, सारख्या होतील." मी तसंच केलं, मुद्दाम राग आणावा लागला नाही. नव्या ऑफिसात हे कडाक्याच्या थंडीत मनगटं उघडी टाकून गेले. आता या वयात भांडायलाही त्राण नाही. त्या भांडणात बरोबर मीच होते, पण बाह्या लांब विणायला हव्या होत्या.