ग्रुपवर टाकलेला फोटो

उदगीरच्या स्टँडवर अण्णा मला सोडायला आले ते ड्युटीच्या खाकी कपड्यांतच. ते एसटीत कंडक्टर आहेत. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि तेही थेट अमेरिकेत. आई रडत होती. अण्णा माझ्या बॅगेची चेन पुन्हा पुन्हा ओढून बघत म्हणाले, "गाडीत कोण चढलं, कोण उतरलं, ध्यान असू दे. पण सगळ्यांनाच चोर समजलीस तर तिकिटं कुणाला देशील?"

इकडे अमेरिकेतल्या पार्सिपनी गावात आल्यावर मी त्यातलं पहिलं वाक्य तेवढं पाळलं. सीनिअर मुलींनी सांगितलेलं सगळं करायचे. इअरफोन एकाच कानात, लाइव्ह लोकेशन ऑन, मागून कोण येतंय ते दुकानाच्या काचेत बघायचं. गावी बाजारातून घरी येईपर्यंत दहा जण विचारायचे, "कुठं गेली होतीस गं?" त्याचा तेव्हा वैताग यायचा. इथे कुणी नुसतं पाहिलं तरी मी रस्ता बदलायचे.

फॉलमधली, पानगळीच्या दिवसांतली एक दुपार. मी आणि माझी नागपूरची रूममेट पूर्वा ग्रोसरी घेऊन बसमध्ये चढलो. "अगं माय, लई जड झालीय पिशवी," म्हणत मी सीटवर बसले. समोरचा एक म्हातारा माणूस टक लावून बघू लागला.

"यार, हा केव्हाचा बघून राहिला आपल्याकडे," पूर्वा म्हणाली.

"घरी कुणी विचारत नसेल याला," मी म्हणाले. मोठ्यानेच. इथे मराठी कुणाला कळतंय!

पूर्वा फिस्सकन हसली. मेसेज टाइप करतेय असं दाखवत मी त्यांचा फोटो काढला आणि मुलींच्या सेफ्टी ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, या माणसापासून सांभाळून. पुढच्या स्टॉपवर ते उतरून गेले.

अर्ध्या तासात एकीचं उत्तर आलं. "अगं, हे आमचे सावंत काका! इथल्या मराठी मंडळाची लायब्ररी तेच सांभाळतात. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर ड्राइव्ह करत नाहीत, म्हणून बसने जातात." मी फोटो डिलीट केला. तोवर तो फॉरवर्ड होत होत त्यांच्या मुलीच्या फोनवर पोचला होता.

शनिवारी मी माफी मागायला त्यांच्या घरी गेले. दार मुलीने उघडलं. "ओह. यू आर द गर्ल फ्रॉम द बस," एवढंच म्हणून ती बाजूला झाली. काका मात्र उठून उभे राहिले.

"ये, ये. अगं, 'लई जड झालीय' ऐकलं आणि बघतच राहिलो. मीही तिकडचाच, अहमदपूरचा. तुझं गाव विचारावं म्हणून धीर गोळा करत होतो." मग मुलीकडे बोट दाखवून म्हणाले, "आणि घरी विचारतात हं मला. गोळी घेतली का, दिवसातून दहा वेळा विचारते ही."

ते हसले. मला हसता आलं नाही.

त्या दिवशी बसमध्ये मला फक्त दोन डोळे दिसले होते. त्यांच्या मांडीवरची पुस्तकांची पिशवी, पायांमधली काठी, उतरताना ड्रायव्हर बाईने नावाने हाक मारून केलेलं बाय, हे सगळं मला नंतर आठवत गेलं. सावध असते तर तेव्हाच दिसलं असतं. मी सावध नव्हते, घाबरलेली होते. तो फरक मला कळायला हवा होता. निघताना काका म्हणाले, "सांभाळून राहायचं मात्र सोडू नकोस." ते मनाला जास्तच लागलं. अण्णांना यातलं काहीच सांगितलेलं नाही. व्हिडिओ कॉलवर ते हमखास विचारतात, "बसमध्ये कुणी आपल्याकडचं भेटतं का?" मी विषय बदलते.

गेल्या आठवड्यात काका पुन्हा बसमध्ये दिसले, खिडकीकडे तोंड करून बसलेले. मी "काका" अशी हाक मारली. त्यांनी आधी ड्रायव्हरकडे पाहिलं, मग पलीकडच्या सीटवरच्या मुलींकडे, आणि मगच माझ्याकडे.

इतके दिवस घर म्हणजे उदगीर, एवढंच मला माहीत होतं. आता वाटतं, ओळखीचा शब्द कानावर आला की माणूस जिथे बेधडक मान वळवतो, ते घर. इतक्या वर्षांनी काकांना ही बस तशी झाली असावी. आता तसं राहिलेलं नाही, आणि ते माझ्यामुळे. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले, घरची चौकशी केली. ते नीट उत्तरं देत होते, पण बाहेर बघत.