मंगळवारचे डॉक्टर

कॅज्युअल्टीत सिस्टर म्हणून सोळा वर्षं काढली की किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते स्ट्रेचरवरून आपणहून येतात. लहान मुलांचे किस्से मी सहसा सांगत नाही. सांगताना मोठ्या माणसांचा राग येतो. आज येऊ दे.

आधी एक माहिती. आमच्या सांगलीकडच्या हॉस्पिटलात मनाचे डॉक्टर मंगळवारी येतात. फक्त मंगळवारी. मुलांनी आपली घालमेल सोमवारपर्यंत दाबून धरावी आणि मंगळवारी दहा ते एक या वेळात बाहेर काढावी, अशी व्यवस्था आहे.

विट्याचा एक बारा वर्षांचा मुलगा आणला होता. परीक्षेच्या सकाळी छातीत धडधड, हातपाय थरथर, रडू थांबेना. वडिलांचं कोइमतूरला सोनं गाळायचं दुकान, ते व्हिडिओ कॉलवर हजर. "डॉक्टर, डोक्यापास्नं पायापतोर सगळं स्कॅन करा!"

केलं. सगळे रिपोर्ट नॉर्मल. वडील चिडलेच, "मग रडतंय कशापायी?"

मी म्हटलं, "मशीनला विचारून झालं, आता पोराला विचारा की."

"त्याला काय कळतंय?" म्हणाले आणि फोन ठेवला.

रजिस्टरची तऱ्हा वेगळीच. पोरीनं दार लावून कोंडून घेतलेलं असो, नाहीतर जीव नकोसा झालाय म्हणून सांगितलेलं असो, घरचे माझ्या कानाशी येणार. "सिस्टर, पोटदुखी लिव्हा. उद्या सोयरीक जुळवायची हाय." पोरगी नववीत! आमचे साहेब, म्हणजे हॉस्पिटलचे मुख्य डॉक्टर, तेही म्हणणार, लिहा. मीही लिहीत होते, हे कबूल करते.

एका गावातल्या एवढ्या पोटदुख्या जमल्या की वरच्या ऑफिसातून पथक आलं आणि गावच्या टाकीचं पाणी बाटल्यांत भरून घेऊन गेलं. पाणी शुद्ध निघालं. साहेबांनी तो रिपोर्ट नोटीस बोर्डावर लावला.

मग आष्ट्याची ती मुलगी. चौदा वर्षांची. तीन दिवस कुणाशी बोलली नव्हती, जेवली नव्हती. बरोबर जीपभर माणसं आणि रिटायर्ड सुभेदार चुलते. पोरगी ढिली पडलीय, एवढंच त्यांचं निदान. कॉटपाशी उभे राहून ओरडले, "सावधान!"

शिकाऊ डॉक्टर ताठ उभा राहिला. समोरच्या कॉटवरचे म्हसवडचे आजोबा, तेही माजी सैनिक, सलाइनसकट उठले. पोरगी तेवढी हलली नाही.

"बघितलंसा? शिस्तच न्हाई," चुलते म्हणाले.

मी सगळ्यांना बाहेर काढलं. दार लागल्यावर पोरगी हळूच म्हणाली, "गेलं का ते?"

"गेले."

"मला सांगायचं हाय. पण ह्यास्नी न्हाई."

मी म्हटलं, मंगळवारी डॉक्टर येतील, त्यांना सांग, ते ऐकून घेतात. तेव्हा शनिवार होता. तिला तोपर्यंत ठेवून घ्या म्हणून मी साहेबांच्या मागे लागले. साहेब म्हणाले, "ताप नाही, जखम नाही. कॉट कशाला अडवायची?" घरच्यांनाही घाईच होती. "मंगळवारी आणतो की," म्हणत जीपमध्ये घालून घेऊन गेले.

मंगळवारी मी एक वाजेपर्यंत दाराकडे बघत होते. कुणी आलं नाही. मला त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त माझा.

पुढच्या मंगळवारी सकाळी ती आली. एकटीच, एसटीनं, शाळेच्या ड्रेसात. पाठीवर दप्तर. "आज मंगळवार हाय न्हवं, सिस्टर?"

मंगळवारच होता. पण डॉक्टर साताऱ्याला गेले होते. मुलांच्या मानसिक आरोग्यावर मोठा कार्यक्रम होता आणि चांगल्या कामाबद्दल आमच्या साहेबांचा तिथं सत्कार होता. मी तिला ते सांगितलं. दुसरं काय सांगणार?

"बरं," ती म्हणाली. दप्तर काढलं, मांडीवर घेतलं आणि डॉक्टरांच्या बंद खोलीसमोरच्या बाकावर बसली.

"मग पुढच्या मंगळवारपतोर मी हितंच बसते."